कोपऱ्यातला माणूस

ठिणगीने शेवटचा घास नीट चावून गिळला, वर पाणी प्यायली आणि मग सांगितलं, की उद्या कोपऱ्यात वस्ताद नकोत, मोठा काका हवा.

हेच तिने आधी सांगितलं असतं तर कोणाच्याच घशाखाली घास उतरला नसता, आणि ते तिला ठाऊक होतं. पोरगी रिंगमध्ये जशी वेळ साधायची तशीच जेवणाच्या टेबलावरही साधायची. सकाळी तिचं वजन झालं होतं. उद्या संध्याकाळी बॉक्सिंगच्या किताबाची लढत होती, दहा फेऱ्यांची. या घरातल्या तीन पिढ्यांनी नाकं मोडून घेतली, कान चुरगळून घेतले, पण किताब म्हणून जो काही असतो तो उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. स्वतः वस्ताद दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. म्हणून आज तालमीच्या वरच्या खोलीत सगळं घर जेवायला जमलं होतं, आणि जो तो दुसऱ्याशी इतका गोड बोलत होता की काहीतरी बिनसणार हे शहाण्या माणसाने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

थोरल्याने ते ओळखलं नव्हतं. तो नेहमीप्रमाणे टेबलाच्या उजव्या टोकाला बसला होता. त्याच्या उजव्या डोळ्याला दिसत नसे, म्हणून सगळी माणसं डाव्या हाताला आलेली त्याला बरी वाटत. बाजारात त्याचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि घरात त्याच्याकडून फारशी कोणाची काही अपेक्षा नव्हती. ही सोय त्याने बऱ्याच वर्षांच्या गप्प बसण्याने कमावली होती. पुतणीच्या तोंडून आपलं नाव ऐकल्यावर त्याने आधी मागे वळून पाहिलं.

वस्ताद हसले. ते थोरल्याचे आणि धाकट्याचे वडील, ठिणगीचे आजोबा. पण तालीम आणि घर एकाच जिन्याने जोडलेलं असल्यामुळे त्यांना पोटच्या पोरांनीही कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

"काकाला कशाला? समोरचीला कुलूप लावायचंय का?" त्यांनी विचारलं.

धाकटा मोठ्याने हसला, कारण वस्ताद हसले की तो हसायचा. पण ठिणगी हसली नाही, आणि मग तिच्या बापाचं हसू एकटं पडून विरलं.

दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट असतं. त्या मिनिटात दोरांच्या आत एकाच माणसाला जाता येतं. बाकीच्यांनी बाहेरून पाणी द्यायचं, बर्फ द्यायचा, टॉवेल हलवायचा. या तालमीच्या प्रत्येक लढतीत आत जाणारा माणूस वस्ताद असत. ते स्टुलापुढे एक गुडघा टेकून बसत आणि विचारत, "कसं?" त्यावर उत्तर एकच होतं: "ठीक." नाक फुटलेलं असो, भुवई उसवलेली असो, पायांत गोळे आलेले असोत, उत्तर ठीक. त्यापुढे वस्ताद काय करायचं ते सांगत, आणि मुलगा उठत असे. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण नवीन आलेल्या पोराला पहिला जॅब शिकवायच्या आधी ठीक म्हणायला शिकवलं जाई.

त्याबरोबर एक गोष्टही सांगितली जाई, आणि ती थोरल्याचीच होती. ऐन उमेदीत असताना एका लढतीत त्याच्या उजव्या डोळ्यावर असा ठोसा बसला की आतला पडदा फाटला. वस्तादांनी विचारलं कसं, तो म्हणाला ठीक. पुढच्या तीन फेऱ्या तो एका डोळ्याने लढला आणि जिंकला. डोळा पुन्हा आला नाही. तालमीत ही गोष्ट पोरांना छाती फुगवून सांगितली जाई, वर "असा पाहिजे माणूस" ही पुस्ती जोडली जाई, आणि असा माणूस त्या वेळी बाजारात कोणाच्या तरी कपाटाच्या कुलपात तार घालून बसलेला असे. तो तालमीत पाय ठेवत नसे. जेवायला यायचं झालं तर मागच्या जिन्याने यायचा.

"वस्ताद, मागच्या लढतीत तिसऱ्या फेरीत माझी बरगडी गेली," ठिणगी म्हणाली. तिचा आवाज मिठाची वाटी मागितल्यासारखा होता. "तुम्ही विचारलंत, मी ठीक म्हणाले. मग पुढच्या सगळ्या फेऱ्या तुम्ही मला त्याच बाजूने आत घुसायला सांगत होता. तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला कळणार कसं?"

मग धाकट्याने विचारलं, की हे त्याला, सख्ख्या बापाला, का सांगितलं नाही. त्या बरगडीला पट्टी कोणी बांधली?

"काकानं. दुकानात."

"मी काय मेलो होतो?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, बाबा. समोरच्या कोपऱ्यालाही दिसेल."

हे इतकं खरं होतं, की धाकट्याच्या तोंडावर ते तिथल्या तिथे दिसलं.

वस्तादांनी ताट बाजूला सारलं. ते चिडले की आवाज चढवत नसत, उलट हळू बोलत, आणि मग सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांनी सांगितलं, की त्यांनी या धंद्यात मनगटं जाड असलेली पुष्कळ माणसं संपलेली पाहिली आहेत. हात सगळ्यांनाच असतात. शेवटच्या फेऱ्यांत जे उभं राहतं ते मन असतं, आणि मनाला एकदा तक्रार करायची मुभा दिली की ते दुसरं काही करत नाही.

"दुखणं तोंडातून बाहेर पडलं की अंगभर पसरतं," ते म्हणाले. "आज तू हात दुखतो म्हणशील, उद्या गुडघा टेकशील. मी काही तुमचा वैरी आहे म्हणून ठीक म्हणायला शिकवलं का? त्या एका शब्दावर माणसं उभी राहिली आहेत. तुझ्या काकालाच विचार. एका डोळ्यानं तीन फेऱ्या..."

"ती गोष्ट नको, वस्ताद," थोरला म्हणाला.

त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. इतक्या वर्षांत ती गोष्ट त्याच्यासमोर सांगितली जात असताना तो दर वेळी मूग गिळून बसला होता, आणि आता तोंडातले मूग असे एकाएकी सांडले. वस्ताद त्याच्याकडे पाहत राहिले. थोरल्याने घाईघाईने जोडून टाकलं, की त्याला कोपऱ्यातही जायचं नाही, रिंगच्या आसपास फिरकायचं नाही, तो आपला कुलपांतला माणूस आहे, त्याला यात ओढू नका.

हे ऐकून आत्याचा जीव भांड्यात पडला. ती दोघा भावांची बहीण. लढती ठरवणं, हॉल मिळवणं, तालमीचं वीजबिल, सगळं तिच्याकडे होतं, आणि ती आजवर न चुकता वस्तादांच्या बाजूने उभी राहिली होती. दादाला नको, वस्तादांना हवं, मग प्रश्नच मिटला, असं ती म्हणाली आणि ताटं गोळा करायला उठली. तेवढ्यात ठिणगीने सांगितलं, की काका नसेल तर ती उद्या रिंगमध्ये चढणार नाही. ती धमकी देत नव्हती, हे सगळ्यांना कळलं. आत्या ताटांसकट परत खाली बसली. भरलेला हॉल आणि रिकामी रिंग हे चित्र तिला बापाच्या रागापेक्षा जड होतं.

आणि मग ज्या माणसाकडून कोणी शब्दाचीही अपेक्षा केली नव्हती ते माणूस बोललं. धाकट्याच्या बायकोने, ठिणगीच्या आईने, आजवर एकही लढत धड पाहिली नव्हती. ती हॉलमध्ये येई आणि घंटा झाली की डोळे मिटून घेई. ती म्हणाली, "भावोजीच जाऊ देत."

धाकट्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने त्याच्या जबड्यावर हुक मारला होता. पण आता तीन बायका एका बाजूला झाल्या होत्या आणि वस्ताद कितीही झालं तरी लढती वाचणारा माणूस होता. त्यांनी एकच अट घातली: ते कोपऱ्यात असतील, पण दोरांच्या बाहेर. ठिणगीने त्यावर आपली अट घातली: तोंड बंद ठेवून. आत्याने दोघांच्या वतीने "ठरलं" म्हणून टाकलं. थोरल्याला कोणी विचारलंच नाही.

त्याला जिन्यावर गाठलं ते त्याच्या भावजयीने. तिने आडपडदा ठेवला नाही. तिला किताबाशी काही घेणंदेणं नव्हतं. पोरगी वस्तादांना कधीच सांगणार नाही, पण काकाला सांगेल, आणि काकाला माहीत आहे डोळा जाणं म्हणजे काय; एवढाच तिचा हिशेब होता.

"पहिल्यांदा लागलं म्हणाली की थांबवायचं, भावोजी. मला शब्द द्या."

तिच्या हातात ओला टॉवेल होता आणि ती तो पिळत होती, पाणी केव्हाच संपलं होतं तरी. थोरल्याला तिथून निघायचं होतं. तो म्हणाला, "बरं." नाही म्हणायचा धीर नसला की माणसं बरं म्हणतात. या घरात ठीक हा शब्द शिकवला जाई, बरं हा शब्द मात्र जो तो आपला आपणच शिकला होता.

खाली आल्यावर त्याला ठिणगी दिसली. ती मागच्या जिन्याच्या तोंडाशी उभी होती आणि तालमीकडचं दार तिने उघडं धरलं होतं. थोरला आत गेला. वाळूच्या पिशव्या नव्या होत्या, घामाचा आणि चामड्याचा वास जुनाच होता. रिंगच्या कडेला बसून त्याने तिला विचारलं, की तिने त्यालाच का धरलं. त्याला डावपेच आठवत नाहीत, मिनिटात काय काय करायचं ते आठवत नाही, उद्या त्याचे हात कापतील.

"डावपेच मला येतात," ती म्हणाली. "बर्फ बाबा देईल. मला फक्त असा माणूस हवाय ज्याला ठीक म्हणजे काय ते माहीत आहे."

थोरल्याने बराच वेळ रिंगच्या दोराला हात लावून पाहिला. मग त्याने तिला एकच सांगितलं, की मग तिने खरंच सांगायचं. हात, पाय, बरगडी काहीही असो. आणि डोळा किंवा डोकं असेल तर विचारायची वाट पाहायची नाही. ती मान डोलावून पळाली. लढतीच्या आदल्या दिवशी तिला झोप चांगली लागायची. त्या दिवशी झोप लागली नाही ती थोरल्याला.

समोरच्या कोपऱ्यातली चॅम्पियन कधीकाळी बस कंडक्टर होती आणि लोक तिला अजून कंडक्टरच म्हणत. बाई मोठी हिशेबी होती. सुटे पैसे मोजून हातावर ठेवावेत तसे ठोसे मोजून द्यायची, एक जास्त नाही, एक कमी नाही. पहिल्या चार फेऱ्या तिने ठिणगीला शिकवणी दिली. पाचवीत ठिणगीला तिचं गणित कळलं आणि ती मध्येच घुसू लागली. सहाव्या फेरीत तिने उजव्या हाताचा असा ठोसा घातला की कंडक्टर दोरांवर जाऊन आदळली आणि अख्खा हॉल उभा राहिला. धाकटा बादली हातात घेऊन नाचत होता. थोरला मात्र पुतणीच्या उजव्या हाताकडे पाहत होता, कारण तो हात नंतर एकदाही पुढे गेला नाही.

घंटा झाली. तो दोरांतून आत शिरला, स्टूल ठेवलं, तिच्या तोंडातलं दातांचं रबर काढलं. तो वस्तादांसारखा गुडघ्यावर बसला नाही, उकिडवा बसला.

"बोल."

"उजवा गेला. तिच्या कपाळावर बसला आणि आत काहीतरी तुटलं. मूठ वळत नाही."

आपण तयार आहोत असं थोरल्याला वाटलं होतं. पण ते वाक्य कानात शिरताच त्याची नजर आधी प्रेक्षकांकडे गेली. तिसऱ्या रांगेत भावजय बसली होती आणि आज पहिल्यांदाच तिचे डोळे उघडे होते. शब्द दिलेला होता. हात वर केला, रेफरीला बोलावलं, की संपलं. कोणी त्याला दोष दिला नसता. मोडक्या हाताने कोणी लढत नाही. आणि त्याच क्षणी त्याला वस्तादांचं इतक्या वर्षांचं काम किती सोपं होतं ते कळलं. ठीक ऐकून घ्यायला काहीच लागत नाही. ठीक म्हटल्यावर कोपऱ्यातल्या माणसाला काही ठरवावं लागत नाही, रात्री झोप लागते. तो शब्द त्यांनी पोरांना धीर यावा म्हणून शिकवला असेल, पण धीर मिळत होता तो आत येऊन बसणाऱ्याला. ही समोरची पोर आपलं ओझं त्याच्या हातात देऊन शांतपणे श्वास घेत बसली होती, आणि तिला ते परत उचलून लढायचं होतं. आत्ता थांबवलं तर ती यापुढे कोणाला काहीच सांगणार नाही.

"डोकं?" त्याने विचारलं.

"साफ."

"डोळे?"

"साफ आहेत. खरंच."

"मग उजवा नुसता दाखवायचा. मारायचा नाही. तिला माहीत नाही तो मोडलाय, तिला त्याचीच भीती आहे. डाव्यानं फिरवत राहा."

तिने मान हलवली. तो बाहेर आला तेव्हा धाकट्याने विचारलं काय म्हणाली, आणि थोरल्याने सांगितलं, हात मोडलाय. धाकट्याचा चेहरा पाहून त्याने त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला. धाकट्याने पुढची सबंध फेरी टॉवेलाखालून पाहिली.

वस्ताद दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. दिलेल्या शब्दाप्रमाणे ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा जबडा हलत होता. दुखणं तोंडातून बाहेर पडलं होतं. आता ते अंगभर पसरायला हवं होतं, पोरीचा गुडघा टेकायला हवा होता. पण ती उठली ती मघापेक्षा हलकी होऊन उठली. सातवी फेरी तिने एका हाताने जिंकली. आठवीत ती थकली, मार खाल्ला, कोपऱ्यात येऊन सांगितलं की पाय जड झालेत, श्वास पुरत नाही, हात ठणकतोय. प्रत्येक गोष्ट सांगून झाली की ओझं खाली ठेवल्यासारखी ती मोकळी व्हायची आणि पुढचं विचारायची. पायांसाठी काय करू? थोरल्याने सांगितलं, की फेरीचं पहिलं मिनिट कंडक्टरला मिठीत धरून ठेव. नववीचं पहिलं मिनिट तिने तसंच केलं. मघापर्यंत न दिसलेली एक गोष्ट थोरल्याला आता दिसत होती: कंडक्टरचा हिशेब चुकला होता. ती त्या उजव्या हाताकडे पाहून मागे सरत होती, आणि तो हात तर नुसता दाखवायला वर होता. किताब जवळजवळ घरात आला होता.

नववी फेरी संपता संपता एक साधा ठोसा, वळताना, ठिणगीच्या कानामागे बसला. कोणी ओरडलंसुद्धा नाही. ती घंटेनंतर कोपऱ्याकडे चालत आली आणि स्टुलावर बसताना तिने आधी हाताने स्टूल चाचपलं.

थोरल्याने ते पाहिलं. त्याने काही विचारायच्या आत ती बोलली.

"काका, ती दोन दिसतायत."

"कधीपासून?"

"आत्ता. कानामागे बसला तेव्हा. तूही दोन आहेस." तिचं नाक वाहत होतं. "मला लढायचंय."

दोरांच्या बाहेरून वस्तादांनी अट मोडली. त्यांचा आवाज इतका हळू होता की थोरल्याला मान वळवावी लागली. "शेवटची फेरी आहे. पुढे आहे ती. नुसती पळाली तरी किताब आपला. बसवू नकोस तिला."

ते खरं बोलत होते. डोळ्याच्या त्या गोष्टीतलेही वस्ताद वाईट माणूस कधीच नव्हते. त्यांचं म्हणणं दर वेळी असंच खरं वाटायचं. पाठीमागे टॉवेल डोक्यावरून काढून धाकटा उभा होता आणि तिसऱ्या रांगेत भावजय उठली होती. थोरल्याने पुतणीच्या हनुवटीला हात लावून तिचा चेहरा वर केला. तिचा डावा डोळा त्याच्याकडे पाहत होता आणि उजवा थोडा बाजूला.

"मी थांबवतोय."

"नको. काका, एकच फेरी. नको ना."

"मग मला सांगितलंस कशाला?"

हॉलमध्ये लोक तिच्या नावाने टाळ्या वाजवत होते. तिने खाली मोडक्या हाताकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, "तू थांबवशील म्हणून."

थोरला उठला, मधोमध गेला आणि रेफरीसमोर दोन्ही हात आडवे हलवले. त्याचे हात कापत नव्हते. टाळ्यांची जागा आधी शांततेने घेतली आणि मग आरडाओरड्याने; कोणी बाटली फेकली, ती दोराला लागून परत गेली. वस्ताद या वयात दोर वाकवून आत आले. थोरल्याला वाटलं, आता मार खायचा. पण ते त्याच्यापाशी थांबले नाहीत. ते स्टुलापाशी गेले आणि त्यांनी नातीच्या तोंडासमोर दोन बोटं धरली.

"किती?"

"चार," ठिणगी म्हणाली.

त्यांचा हात बराच वेळ तसाच हवेत राहिला. कंडक्टरचा हात वर केला गेला तेव्हाही तो तसाच होता.

आतल्या खोलीत डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारून पाहिला, मान पाहिली आणि गाडी मागवली. डोक्याला आतून मार आहे, पण वेळेवर थांबवलंत, असं ते म्हणाले आणि धाकटा भिंतीला टेकून हमसाहमशी रडला. आता त्याला कोणी टॉवेल दिला नाही. भावजय मात्र सरळ थोरल्यापुढे येऊन उभी राहिली. हात मोडला तेव्हाच थांबवायचं ठरलं होतं, तिने आठवण करून दिली.

"ठरलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"तेव्हा थांबवलं असतं तर पुढे कधी दोन दिसले तरी तिनं सांगितलं नसतं."

तिला ते पटलं का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ती लेकीजवळ जाऊन बसली आणि तिच्या पायांतले बूट सोडू लागली. ठिणगी खाटेवर आडवी होती, डोळ्यांवर ओलं फडकं होतं. किताब गेल्याचं तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती थोडा वेळ रडली, मोठ्याने, लाज न बाळगता. मग तिने फडक्याखालूनच आत्याला हाक मारली आणि सांगितलं, की हात आणि डोकं बरं झालं, डॉक्टर हो म्हणाले, की हीच लढत परत मागायची. कंडक्टर नाही म्हणणार नाही, कारण हॉलमधल्या प्रत्येकाने पाहिलं होतं काय चाललं होतं ते. आत्या म्हणाली, "आधी गाडीत बस." पण ती मनातल्या मनात हॉलच्या तारखा पाहू लागली होती, हे तिच्या बोटांवरून दिसत होतं.

गाडी आली. तिच्याबरोबर आईबाप गेले, आत्या दरवाजापर्यंत गेली. खोलीत बादली, बर्फाचं पाणी आणि कापलेल्या पट्ट्या उरल्या. थोरला बाकावर बसला होता. वस्ताद येऊन शेजारी बसले.

"मी तुला त्या दिवशी बोटं दाखवली नव्हती," ते म्हणाले.

"नाही."

"दाखवली असती तर किती सांगितली असतीस?"

थोरल्याने विचार केला. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण ते आजवर त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"बरोबर सांगितली असती, वस्ताद," तो म्हणाला. "दुसऱ्या डोळ्यानं मोजून."